महानंदाक्काच्या मशीनची सुट्टी

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवशी सकाळी साडेनऊला महानंदाक्का जिन्याखालून ओरडली, "सुखदा, ए सुखदा, खाली ये गं लवकर, ती उठंना झालीय!" आणि मी अनवाणीच पळत सुटले, मला वाटलं कोणी चक्कर येऊन पडलंय. ती म्हणजे वॉशिंग मशीन.

के. आर. पुरमला आमच्या बिल्डिंगमध्ये खाली अक्काच्या दोन खोल्या आहेत आणि वर माझी एक. अक्का मूळची निपाणीची. लहानपणी आईच्या शेजारी बसून विड्या वळायची, लग्न करून इथे आली, आणि मग पंधरा वर्षं लोकांचे कपडे दगडावर धुतले. नवरा मल्लाप्पाण्णा आनेकलला फॅक्टरीत, तो शनिवारीच येतो. दोन वर्षांपूर्वी हे मशीन सेकंडहँड घेतलं तेव्हापासून अक्का त्याला ती म्हणते. ती दमली, ती आज रुसली, तिला जरा थंड होऊ दे. मला पहिल्यांदा हसू यायचं, आता मीही कधीकधी म्हणते.

"काय झालं?"

"पाणी घेती, पोटभर पिती, आणि मग नुसती टीं टीं टीं. फिरंचना."

आणि अक्काचा चेहरा इतका पडलेला होता की मला कळेना, मशीन तर याआधीही बिघडलंय. मग तिने सांगितलं. आमच्या गल्लीच्या टोकाला जे गेस्टहाऊस आहे त्याच्या मॅनेजर रक्षिता मॅडमच्या मागे अक्का तीन महिने लागली होती, चादरी मला द्या म्हणून. आणि आज आठ वाजता त्यांचाच फोन, आमचा लाँड्रीवाला पूजेच्या सुट्टीवर गेलाय, वीस चादरी आहेत, संध्याकाळी सहाला वाळवून घडी करून मिळाल्या तर पुढे दर आठवड्याला तुम्हालाच. अक्का हो म्हणाली. आणि तासाभरात मशीन बंद.

"मंजुनाथला बोलव ना," मी म्हटलं. मंजुनाथ म्हणजे तिचा नेहमीचा मेकॅनिक.

"केला की फोन. म्हणतोय, अक्का, आज आयुधपूजा, पाना-पकड सगळं देवापुढं ठेवलंय, आज हात लावत न्हाई. नाळे. उद्या." मग हळूच म्हणाली, "बरोबरच हाय त्याचं."

मला तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, काय बरोबर आहे म्हणून. पण मी थांबत नाही ना! मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माझ्याकडे मल्टिमीटर आहे, मी म्हटलं, "अक्का, मी बघते, दहा मिनिटं!" तर मल्टिमीटर कुठे, तिच्याच देवघरात. सकाळी सहाला येऊन तुझं हत्यार दे म्हणून घेऊन गेली होती. कुंकू लागलेला मल्टिमीटर, कुंकू लागलेला स्क्रू-ड्रायव्हर. मी दोन्ही उचलले तेव्हा अक्काने हात पुढे केला आणि मागे घेतला.

मशीनला झेंडूचा हार होता. मी काढायला गेले.

"हार नको काढू गं."

"अगं मागचं कव्हर उघडायचंय."

"मग हार सांभाळून उघड."

मी प्लग काढला, कव्हर उघडलं. मोटर गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर बहुतेक कपॅसिटर, असं मला माहीत होतं, पण ही गुणगुणतच नव्हती. तरी कपॅसिटर तपासला. ठीक. बेल्ट सैल झाला असेल? घट्ट. मोटरचं वाइंडिंग जळलं असेल? तेही ठीक, रीडिंग अगदी हवं तसं. ड्रम हाताने फिरवला, मस्त फिरला. म्हणजे सगळं चांगलं आहे आणि काहीच चालत नाही!! मी परत पहिल्यापासून तपासलं. परत सगळं चांगलं. मग प्लग लावून मोटरच्या तारांवर व्होल्टेज बघितलं तर शून्य. म्हणजे मोटरला दोष नाही, मोटरला कोणी चालू हो म्हणतच नाहीये. पण कोण म्हणत नाहीये? का? पॅनलचे दिवे तर लागतायत! सर्किट बोर्ड गेला असेल तर आज कुठून आणायचा? मला रडूच यायला लागलं, खरंच, घाम आणि रडू एकत्र.

मागून फट फट आवाज येत होता म्हणून वळून बघितलं. अक्का दगडावर चादरी आपटत होती. आठ झाल्या होत्या. साडेबारा वाजलेले. तिचं मनगट सुजलं होतं, डॉक्टरांनी दगडावर धुवायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून तर हे मशीन.

"अक्का, थांब ना, हाताचं काय होईल!"

"तू सोड तिला. ती न्हाई उठायची आज."

"का नाही?"

अक्काने चादर पिळायची थांबवली. "वर्षातनं एक दिवस तिला सुट्टी असती. सकाळी मीच हार घातला, मीच म्हटलं, आज निवांत बस बाई. आणि फोन आला की लगेच कामाला जुंपली. मग रुसंल न्हाई तर काय करंल?"

"अक्का, मशीन रुसत नाही!" मी ओरडलेच. "ही अंधश्रद्धा आहे, काहीतरी बिघडलंय तिच्यात, तू उगाच स्वतःला दोष देतेस!"

"बरं, मग दाखव काय बिघडलंय ते."

आता काय दाखवू? तीन तास झाले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे निदान एक तरी होतं. मी कव्हरला टेकून बसले आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तेव्हा विचारला. "काल चालत होतं ना? मग आज तू वेगळं काय केलंस?"

"काही न्हाई. पूजा केली फक्त."

"कशी केली?"

"कशी म्हंजे? हळद, कुंकू, हार. झाकण उघडून अक्षता टाकल्या."

"आत??"

"पोटाला नको का? आतल्या सगळ्या वेचल्या की मग, चादरी टाकायच्या आधी."

मी ताडकन उठले. झाकणाच्या पुढच्या कडेखाली मशीनला एक खाच असते, झाकण लावलं की त्याचा छोटा आकडा त्यात जाऊन बसतो. तो नीट बसला नाही तर मशीनला वाटतं झाकण उघडंच आहे, आणि मग ते मोटर सुरूच करत नाही. खाचेत डोळा लावला. तळाशी पिवळं काहीतरी. अक्काच्या अंबाड्यातली पिन ओढली, ती "आई गं" म्हणाली, आणि पिनेने एकेक करून तीन तांदूळ बाहेर आले. हळदीचे, पाण्याने फुगलेले.

झाकण लावलं. टक.

आम्ही दोघी त्या तीन दाण्यांकडे बघत बसलो.

"बघितलंस? पूजेनंच थांबवली तिला," अक्का म्हणाली.

"पूजेने नाही गं, तांदळाने!"

"तांदूळ कुठले?"

मी पिन परत तिच्या अंबाड्यात खोचली.

मी बटण दाबणार तेवढ्यात अक्काने माझा हात धरला. ओले हात पदराला पुसले, झाकणावर ठेवले आणि अगदी शेजारणीशी बोलावं तसं बोलली, "दोन फेऱ्या. बारा चादरी. एवढं आज कर माझ्यासाठी. उद्या दिवसभर तुला हात लावत न्हाई, कुणाचा का फोन येईना." आणि मग बटण दाबलं. मोटर घुं करून फिरली. मी जोरात ओरडले, अक्काने फक्त हार सरळ केला.

चादरी गच्चीवर ऊन होतं तोवर वाळल्या. सहाला दहा मिनिटं असताना आम्ही दोघी गठ्ठे घेऊन गेस्टहाऊसवर. रक्षिता मॅडमनी दोन घड्या उलगडून बघितल्या, वास घेतला, मान हलवली. "छान आहेत. उद्या पंधरा देते, सकाळी घेऊन जा."

मी अक्काकडे बघितलं, मनात म्हटलं हो म्हण, हो म्हण ना, तीन महिने!

"नाळे इल्ला, मॅडम," अक्का कानडीत म्हणाली. उद्या नाही. "परवा."

"का? उद्या काय आहे?"

"सुट्टी हाय."

सुट्टी कोणाला, ते सांगितलं नाही. मॅडमनी पेन टेबलावर टकटक केलं, मोबाइल बघितला, परत चादरीवरून हात फिरवला. मग त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. परवा सात वाजता. उशीर नको."

बाहेर आल्यावर मी अक्कावर तुटूनच पडले. "आणि नाही म्हणाल्या असत्या तर? मशीनला काय कळणार होतं गं?"

"मला कळलं असतं की," अक्का म्हणाली आणि पूजेसाठी रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याला वळसा घालून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद होतं, हार घालून. माझ्या दोन जीन्स मी बादलीत धुतल्या. आधी अक्काला एकदा मशीन लावू का विचारावंसं वाटलं होतं, पण खाली जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि परत वर आले.