सुभेदारांना भीती वाटते

विश्रामबागेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त सुभेदार राहतात. मी कॉलेजात सिनेमा शिकवतो आणि भुताच्या हवेलीचे जुने चित्रपट हा माझा खास विषय. त्यातला कुठला पाहावा, हे मी कुणी न विचारताही सांगतो.

दर रविवारी दुपारी मी टीव्ही लावला की सुभेदार दार वाजवतात. "सर, भुताचा पिक्चर एकट्याला बघायला भ्या वाटतं. बसू का?" मग सोफ्याच्या कडेला ताठ बसतात. पडद्यावर धुकं पसरतं, रिकाम्या जिन्यावर पावलं वाजतात आणि ते शांतपणे म्हणतात, "येवढी मोठी हवेली, आन पहाऱ्याला एक माणूस न्हाई." मी त्यांना धीर देतो. सीमेवर राहिलेला माणूस माझ्या आधारानं बसतो, हे माझं स्टाफरूममध्येही सांगून झालं होतं.

गेल्या रविवारी ते मेढ्याला, गावी गेले होते. मी एकट्यानंच माझा सगळ्यात आवडता चित्रपट लावला. हवेलीतला आरसा दिसताच आवाज बंद केला, मग खिडक्यांचे पडदे उघडले आणि शेवटी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात दार वाजलं. "कोण?" असं मी तीनदा विचारलं. बाहेर सुभेदारांच्या पत्नी निवडायची मेथी घेऊन उभ्या होत्या.

"आवं सर, ह्यांचा फोन आलता. म्हणले, सर एकटंच पिक्चर लावून बसलं असतील, जरा जाऊन बस."

मी त्यांना सोफ्यावर जागा करून दिली आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला.