पिशवीची कोरी बाजू

शाईमावशीला डिवचायचं असेल तर तिनं छापलेल्या पिशवीला फडकं म्हणावं. कापडावर छपाई करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे ती स्वतःच सांगते, कुणी विचारायची वाट बघत नाही. नखांत बारा महिने निळी शाई, म्हणून शाईमावशी. खरं नाव तिच्या सुनेलाही आठवून सांगावं लागतं.

मागल्या वर्षी मावशी गुडघा दाखवायला इस्पितळात गेली, तर बादलीशेजारी तिचीच पिशवी! परिचारिकांच्या मेळाव्यात वाटलेली, संस्थेचं नाव वीतभर अक्षरांत. सफाईवाली त्या पिशवीनं लादी पुसत होती. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, माझ्या हातची पिशवी आहे ही!"

"टाकून दिली होती हो कुणीतरी," सफाईवाली म्हणाली. "पण कापड झकास. पाणी काय छान पितं!"

ते कौतुक मावशीच्या फार जिव्हारी लागलं. यंदाच्या मेळाव्याचं काम आलं तेव्हा ती सुनेला म्हणाली, "आयती हातात पडली म्हणून टाकली. आता जिची तिनं छापायची. आणि नोकरीला किती वर्षं झाली, तो आकडाही प्रत्येकीनं आपल्या हातानं उमटवायचा." सुनेनं शून्य ते नऊ, लाकडी आकड्यांचे दहा ठसे कोरले. सासूसुनेचं एरवी चहावरूनही वाजतं, पण कामात दोघी एकजीव.

मेळावा भरवणाऱ्या मेट्रनबाईंना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. "नव्वद जणी, जेवणाची सुट्टी दोन तास. गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला. आत्ताच सांगून ठेवते."

"होऊन जाऊ दे," मावशी म्हणाली. तिला कामाची काळजी होतीच, पण बादली काही डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहाबाहेर दोघींनी टेबलं मांडली. मावशीनं संस्थेच्या मोठ्या नावाची, जाळी ताणलेली छपाईची चौकट उजेडासमोर धरली. जाळीवर एक अक्षर नव्हतं. आदल्या दिवशी नमुना छापून झाल्यावर तिनं चौकट औषध लावून लख्ख धुतली होती. काम संपलं की अक्षरं उतरवून जाळी पुढच्या कामाला मोकळी करायची, ही तिची सवय. नमुना वाळत टाकला आणि हातांना वाटलं, झालं काम.

"आई, तुम्ही धुतलीत?" सून म्हणाली.

"मीच. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!"

नवी चौकट करायला वेळ नव्हता. हातात होती ती छोटी चौकट, बोटभर बोधचिन्हाची, आणि लाकडी आकडे. मावशी तडक मेट्रनबाईंकडे गेली. "चूक माझी. मोठं नाव आज नाही. दुसरी बाजू कोरी राहील, ती नंतर छापून देते."

मेट्रनबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण दारात नव्वद जणी उभ्या होत्या.

पहिल्या सिस्टरनं पदर खोचला, रबराची पट्टी दोन्ही हातांनी धरून जाळीवरून ओढली. चिन्ह उमटलं. त्याखाली तिनं आकडे दाबले: दोन, नऊ. सून हेअर ड्रायरनं शाई वाळवत होती. सिस्टर पिशवीकडे बघत राहिली. "एकोणतीस! अगंबाई, झाली की गं इतकी!" मागच्या सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग काय, प्रत्येक आकड्याला टाळ्या. बाविसाला टाळ्या, अकराला टाळ्या. एक पोरगी मात्र रांगेतून निघून चालली होती.

"मला चारच महिने झालेत," ती पुटपुटली.

"मग शून्य छाप," मावशी म्हणाली. "आम्ही सगळ्या तिथूनच निघालो."

शून्याला सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. दहा मिनिटं शिल्लक असताना रांग संपली. शेवटी मेट्रनबाई आल्या, त्यांनी छत्तीस छापलं. मग आणखी एक पिशवी अंथरून त्यांनीच पट्टी ओढली. "मावशी, तुमची किती?"

"माझी कसली?"

"या कामातली."

मावशीनं हजारो पिशव्या छापल्या, स्वतः मात्र प्लास्टिकची घेऊन बाजारात जायची. ती बोटांवर वर्षं मोजायला लागली. "एकतीस," सूनच म्हणाली, आणि आकडे तिनंच दाबले.

"कोरी बाजू कधी छापू?" मावशीनं विचारलं.

"राहू द्या," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्याला आता आठ महिने झाले. परवा सकाळी मावशीच्या छपाई कारखान्याच्या दारात शून्यवाली पोरगी उभी. खांद्याला तीच पिशवी, धुऊन धुऊन मऊ पडलेली, एका बंदाला टाका घातलेला.

"मावशी, नोकरीला वर्ष झालं. मागच्या कोऱ्या बाजूला एकाचा आकडा छापून द्याल?"

मावशीनं पिशवी उलटसुलट केली, टाका नीट बघितला. लादी पुसल्याचा एक डाग नव्हता.

"मी नाही. तूच छाप," ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "सूनबाई, आकडे आण! आणि खुंटीवरची माझी पिशवीही आण. बत्तीस झाली मला!"