लुफेयोच्या नावाच्या विटा

एनेलेसीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण ओलसर विटेवर शिक्का उन्हाआधीच नीट उठतो. ऊन चढलं की वीट वरून कडक होते. मग दाबलं तर कड तडकते. म्हणून ती अंधारातच नदीकाठी यायची, विटांवरचं गवत बाजूला करायची आणि एकेक वीट हातात घ्यायची. चारही अंगांना शिक्का. दोन लांब अंगं, दोन आखूड. जोर मनगटाचा लावून चालत नाही, खांद्याचा लावावा लागतो. काम झालं की गवत पुन्हा पसरायचं आणि शाळेच्या बांधकामावर जायचं. तिथे संध्याकाळपर्यंत डोक्यावरून ठेकेदाराच्या विटा वाहायच्या. ती तिची मजुरी.

शिक्क्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव होतं. लुफेयो. आणि विटा होत्या वायसनच्या घरासाठी.

लुफेयोही विटाच पाडायचा. ओझी वाहून त्याला जांघेत हर्निया झाला. खोकला की लिंबाएवढी गाठ बाहेर यायची. तो ती हातानं आत ढकलायचा आणि पुन्हा डोक्यावर चळत घ्यायचा. टेकडीवरच्या मिशन हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण करून घे. लुफेयोनं मोसम संपल्यानंतरची तारीख घेतली. भट्टी उतरवली, गिऱ्हाइकांच्या विटा पोचवल्या, दाढी केली आणि स्वतःच्या पायांनी टेकडी चढून गेला.

हॉस्पिटलात विजेचा भरवसा नव्हता. ऑपरेशनची हत्यारं आणि कापडं वाफवायचं मोठं पिंप लाकडावर चालायचं. ज्या घरचं माणूस कापायचं, त्या घरानं लाकडाची मोळी आणायची, असा दंडक होता. पिंपाखालच्या जाळावर वायसन कामाला होता. एनेलेसीनं जड, सुकं लाकूड नेलं. लुगडं फाडून त्याच्या निळ्या पट्टीनं मोळी बांधली आणि वायसनच्या हातात दिली.

"वहिनी, एवढ्या लाकडात तर बैल शिजेल," वायसन हसून म्हणाला.

"बैल नाही, नवरा आहे. नीट जाळ घाल."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती मक्याची पेज घेऊन निघाली, तेव्हा बसथांब्यावर वायसनची बायको लाकूड विकत बसली होती. मोळ्यांत एक निळ्या पट्टीची. एनेलेसीनं ती ओळखली. विटावाल्यांत भट्टी विझल्यावर उरलेलं लाकूड जाळ घालणाऱ्याचं असतं. तो त्याचा हक्क. तिला वाटलं, काम भागलं, उरलं ते त्याच्या घरी गेलं. ती थांबून गमतीनं म्हणाली, "माझंच लाकूड मला विकू नकोस गं बाई." दोघी हसल्या.

मोळी उरलीच नव्हती. जाळात गेलीच नव्हती.

लुफेयोला ताप चढला. जखमेभोवतीचं कातडं ताणून चकचकीत झालं. डॉक्टरांनी टाके उसवले तर आतून पू आला. त्याच्या ऑपरेशनच्या दिवशीच एका बाईच्या गळ्याची गाठ काढली होती, तिचीही जखम चिघळली. ती वाचली. लुफेयोच्या रक्तात विष भिनलं. त्याला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे पुन्हा कापलं, सडलेलं मांस काढलं. शेवटी शेवटी तो एनेलेसीला ओळखत नव्हता. भट्टीची तोंडं बंद करा, आत वारा जातोय, एवढंच म्हणत राहिला.

डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. वाफेचा काटा वर चढायच्या आतच वायसन जाळ बाहेर ओढून विझवायचा, हे मोठ्या नर्सनं पकडलं होतं. वायसन म्हणाला, लाकूडच पुरत नाही, लोक ओल्या काटक्या आणून टाकतात. त्याला जाळावरून काढून फाटकावर उभं केलं. पगार चालूच.

गावप्रमुखांपुढे बैठक झाली. वायसननं गुडघे टेकले, रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवून माफी मागितली आणि एक शेळी दिली.

"शेळी निरोगी आहे," प्रमुख म्हणाले. "घेऊन टाक, एनेलेसी. मिटलं म्हणायचं."

शेळी कापली, सगळ्यांनी खाल्ली. एनेलेसीनं मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा नुसत्या मिठाशी खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात वायसन नदीकाठी आला. शाळेच्या ठेकेदारानं आसपासच्या सगळ्या भट्ट्यांवरच्या विटा उचलल्या होत्या. लुफेयोमागे एनेलेसीनं चालवलेली भट्टी तेवढी राहिली होती.

"वहिनी, दोन खोल्यांच्या विटा हव्यात. पत्रे घेऊन ठेवलेत."

"इतक्या लांब आलास?"

"तुमची वीट पाण्याला हटत नाही म्हणतात. आणि ते जुनं तर मिटलंय."

"शेळीनं मिटलं."

"तेच म्हणतो मी."

"पैसे आधी. सगळे. आणि विटा मी देईन तशा."

"वीट ती वीट. त्यात काय बघायचं?"

तो गेल्यावर लुफेयोची बहीण नाचिसाले चिखल तुडवता तुडवता थांबली. "वहिनी, याला विटा देणार तू?"

"देणार."

"मग अर्धा जाळ दे. त्यानं दिला तसा. जानेवारीच्या भर पावसाळ्यात भिंत बसू दे त्याच्या उरावर."

"भिंत पडली तर लोक त्याला चटई देतील, पीठ देतील. रडायला जातील. पहिली तुझी आई जाईल."

"जाईल खरी," नाचिसाले म्हणाली. "पातेलं घेऊन जाईल, आणि ते विसरून येईल."

"मला ती भिंत उभी हवी. तो मरेपर्यंत."

लुफेयोची शवपेटी ज्या सुतारानं केली होती, त्यानंच शिक्का कोरला. अक्षरं उलटी कोरायची होती, पहिला शिक्का चुकला. एनेलेसीला वाचता येत नव्हतं. पण ओल्या मातीवर उठलेलं नाव कबरीवरच्या फळीशी ताडून बघायला येत होतं. तिनं तो शिक्का चुलीत टाकला आणि सुताराला पुन्हा बसवलं.

चिखल दोघी तुडवत. साचा नाचिसाले मारायची. शिक्का मात्र एनेलेसी दुसऱ्या कुणाला देत नसे. एखादं अक्षर फुसकं उठलं तर ती वीट मोडून परत चिखलात.

"चारही बाजूंना कशाला? बाहेरची एकच दिसते," नाचिसाले म्हणाली.

"गवंडी वीट कशीही फिरवेल. घरात बसला तरी दिसायला हवं."

भट्टी रचली, मातीनं लिंपली, तोंडांत लाकूड भरून पेटवली. वायसनच्या पैशांतून आलेलं लाकूड संपत आलं. धूर पातळ झाला. गावात अशीच भट्टी विझवतात. वीट लाल होते, चालून जाते. एनेलेसीनं वरची एक वीट काठीनं ओढली, निवू दिली आणि नावावर नख ओढलं. लाल भुकटी नखात आली.

"एवढी पुरे की," नाचिसाले म्हणाली. तिचे डोळे धुरानं सुजले होते.

"चार पावसांत पुसेल. जाळ धरून ठेव. मी येते."

ती शाळेच्या कामावर ठेकेदाराकडे गेली. दुपारी निलगिरीच्या लाकडानं भरलेल्या दोन बैलगाड्या नदीकाठी उभ्या राहिल्या. नाचिसालेनं कुठून आल्या विचारलं. एनेलेसी म्हणाली, "उतरव आधी."

त्या लाकडानं भट्टीच्या तोंडापाशी उभं राहवेना. जाळ पांढरा झाला, तेव्हा एनेलेसीनं तोंडं बंद केली.

वायसन विटा न्यायला आला, तोवर डोंगरावर काळे ढग जमले होते. जुनं घर त्यानं पाडलं होतं, बायकामुलं मेहुण्याच्या ओसरीवर झोपत होती. त्यानं पहिली वीट उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली. त्याला वाचता येत होतं.

"हे काय आहे?"

"विटा."

"पैसे परत दे."

"पैशांचं लाकूड झालं. लाकडाचा जाळ झाला. या खेपेला सगळा झाला."

तो प्रमुखांना घेऊन आला. प्रमुखांनी दोन विटा एकमेकींवर आपटल्या. खणखणीत वाजल्या. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला.

"आजोबा, विटेत खोट आहे का?" एनेलेसीनं विचारलं.

"नाही."

"शेळी निरोगी होती. वीटही निरोगी आहे. घेऊन टाकायला सांगा."

"अगं, माणसानं राहायचं कसं त्या घरात?"

"मी राहते तसं."

कुणीतरी मागं खुदकन हसलं. प्रमुखांनी वीट खाली ठेवली. "वायसन, गाडी भर," ते म्हणाले. "पाऊस येतोय."

घर उभं राहिलं. गवंड्यानं काही विटांवरचं नाव उलटं लावलं, पण लावलं. गिलाव्याला वायसनकडं सिमेंट नव्हतं. त्यानं आतून मातीचा लेप दिला तो पहिल्याच पावसाळ्यात गळाला. त्याची धाकटी मुलगी शाळेत जाऊ लागली, तशी भिंतीवर बोट फिरवून अक्षरं जुळवू लागली. लु. फे. यो. एनेलेसी त्या वाटेनं जाताना पावलं सावकाश टाकायची. दारातला बाप पोरीला गप्प करायचा आणि पोर पुढची वीट वाचायची.

"वहिनी," पावसाळ्यात गळक्या छपराखाली भांडं सरकवत नाचिसाले म्हणाली, "तू यंदा पत्रे घालणार होतीस ना? मजुरी तर मोसमभर साठवलीस."

"खर्चली."

"कशावर?"

एनेलेसीनं दुसरं भांडं धारेखाली ठेवलं. "दोन गाड्या निलगिरीवर," ती म्हणाली. "अक्षरं कच्ची राहिली असती."