खिडकीतली अख्खी चपटी

व्हर्ना होस्टेटरला जुन्या चपट्यांचा नाद लागला तेव्हा आमच्या गावाची हसून हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या कुणाला लागला असता तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. आमच्या ओहायोत काचेचे कारखाने होते, त्यामुळे पणजोबांच्या काळातल्या व्हिस्कीच्या चपट्या, अंगावर गरुड नाहीतर मक्याचं कणीस उठवलेल्या, कुणाच्याही माळ्यावर निघतात. पण व्हर्ना? नवऱ्याच्या बाटल्या हुडकून हुडकून सिंकमध्ये ओतण्यात जिचं तारुण्य गेलं, ती व्हर्ना?

"अगं, जन्मभर बाटल्या घराबाहेर काढल्यास, आणि आता पैसे मोजून आत आणतेस!" शेजारची लोरेन कुंपणावरून म्हणालीच.

"रिकाम्या आहेत," व्हर्ना म्हणाली. "रिकाम्या बाटलीनं कुणाचं घर बुडवलंय?"

आता पैसे मोजून म्हणजे किती, तर चिल्लर. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या बाईचं पेन्शन ते केवढं! बाटल्यांचा बाजार भरायचा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. ही जायची अगदी शेवटी, दुकानदार आवरायला लागले की. टेबलावर बघायचीच नाही, वाकून टेबलाखालच्या खोक्यात बघायची. "फुटकं काय आहे?" एवढंच विचारायची. तोंडाचा टवका उडालेली, पोटाला तडा गेलेली, अशी एखादी दोनचार डॉलरला पदरात पाडून घ्यायची. आणलेली चपटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची, चांगली बाजू आत आणि तडा बाहेर. सकाळचं ऊन त्या निळ्या-हिरव्या काचेतून टेबलावर उतरलं की ही कॉफीचा कप तसाच ठेवून बघत बसायची. सुख वाटायचं तिला, खरंच सांगतो. फक्त एक रुखरुख होती. तिला एक तरी अख्खी चपटी हवी होती.

आणि क्लाइडचं म्हणाल, तर तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याआधी एका रविवारी त्यानं चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत बायबलवर हात ठेवून दारू सोडली होती. "त्या दिवसापासून माझा क्लाइड थेंबाला शिवला नाही," हे वाक्य व्हर्नानं अख्ख्या गावाला ऐकवलं होतं. तेवढंच तिच्या संसाराचं सोनं. गाव मान डोलवायचं आणि विषय बदलायचं. आमच्या गावाला तेवढी रीत कळते.

मग एका वसंतात एमेट आला. एमेट म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमन, क्लाइडचा शाळूसोबती. त्याचा छंद म्हणजे लोकांच्या परसातले जुन्या संडासांचे खड्डे उकरायचे. नाक मुरडू नका. शंभर वर्षांत सगळ्याची माती झालेली असते. आणि चोरून पिणारा बाटली टाकणार कुठे? जिथे बायको डोकावत नाही तिथेच.

"व्हर्ना, तुझ्या अवजारांच्या खोपटाखाली जुन्या संडासाचा खड्डा आहे," तो म्हणाला. "खणू दे. रीत तुला ठाऊक आहे. अर्धं तुझं, पहिली निवड तुझी, आणि जमीन होती तशी करून देईन."

"अख्खी निघेल का रे एखादी?"

"नशिबाचा खेळ आहे. पण एक सांगतो, खड्डा खोटं बोलत नाही. तळाशी ते सगळ्यात जुनं, वर ते सगळ्यात शेवटचं."

शनिवारी त्यानं खोपटातली जमिनीची फळी उचलली. उचलली म्हणजे काय, हात लावताच आली. तिला खिळेच नव्हते. खाली चुलीची कोरडी राख. राखेत हात घालून एमेटनं एक चपटी काढली, न बघताच गवतावर ठेवली आणि फावडं मारलं. मग दुसरी निघाली, तिसरी निघाली. मग तर रासच लागली. गरुड नाही, कणीस नाही. साध्या, कारखान्यातल्या, टिनच्या झाकणाच्या. क्लाइडच्या.

एमेट थांबला. हळूच फावड्यानं त्यांच्यावर राख ओढायला लागला.

"राहू दे," व्हर्ना म्हणाली. "मला दिसतंय."

कुंपणापाशी लोरेन उभी होती. ती पण बिचारी काय बोलणार! म्हणाली, "जाऊ दे गं, व्हर्ना. इतकं काय... शपथेनंतरही तो प्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना?" व्हर्नानं एमेटकडे बघितलं. एमेटनं टोपी काढून आत बघितलं, जणू टोपीत उत्तर होतं. "मेल्यांनो! आणि मला बोलू दिलंत? वर्षानुवर्षं माना डोलवल्यात?"

ती खोपटाच्या पायरीवर मटकन बसली. रडली नाही, पण तिचा चेहरा बघवेना. एमेट आपला खणत राहिला. अगदी तळाशी एक गरुडाची चपटी मिळाली, मधाच्या रंगाची. मान तुटलेली. त्यानं ती पुसून व्हर्नाच्या पायाशी आणून ठेवली. तिनं बघितलीसुद्धा नाही. तिची नजर गवतावरच्या त्या पहिल्या चपटीवर होती.

"एमेट, ती भरलेली आहे."

तो वाकला. खरंच, गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणाचं सील शाबूत.

"ही कुठे मिळाली?"

"वरच. फळीखालीच हाताला लागली."

"सगळ्यांच्या वर?"

"हो. सगळ्यांच्या..." एमेटनं पुन्हा खड्ड्याकडे बघितलं.

पिणारा माणूस भरलेली बाटली टाकत नाही. विकत आणून, फळी उचलून, न उघडता टाकत नाही. आणि त्यानंतर त्या खड्ड्यात काही पडलं नव्हतं. शपथ घेतल्यावर क्लाइड किती वर्षं खोटं वागला, देव जाणे. पण एक दिवस तो खोपटात आला होता, आणि ही न उघडता इथे ठेवून गेला होता, प्यायला पुन्हा कधी आला नव्हता.

"पहिली निवड माझी ना?" व्हर्ना उठली. "ही माझी."

तिनं ती साबणानं धुतली आणि खिडकीत मधोमध ठेवली, सगळ्या तडकलेल्यांच्या मध्ये. लोरेन पाठोपाठ आत आली होती.

"आतली तरी ओतून टाक गं. घरात कशाला?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "आयुष्यभर मीच ओतल्या. ही त्याची त्यानंच टाकलीय."

मग तिनं लोरेनला आणि एमेटला बसवलं आणि तिघांसाठी कॉफी ठेवली.