सहा महिन्यांचा हुकूम

"आधी कागद वाच, मग रड!" काकांचं हे वाक्य अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावातल्या निम्म्या मराठी पोरापोरींनी ऐकलेलं आहे. घराचं लीज असो की इन्शुरन्स, काका लाल पेन घेऊन हजर. असे काका तुमच्याही ओळखीत असतील म्हणा. पण आमचे ते आमचेच!

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. लोकांच्या हॉलमध्ये गणपती असतो. काकांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावला होता इंग्रज कलेक्टरचा हद्दपारीचा हुकूम, त्यांच्या आजोबांच्या नावाचा. बाजारात सरकारविरुद्ध भाषण केलं म्हणून.

"शिपाई ओरडला, चालते व्हा! आजोबा कायमचीच हद्दपारी समजून तसेच निघाले, कागद घरीच राहिला. आजीने भीतीने तो पेटीच्या तळाशी घातला. अकरा वर्षांनी माझ्या वडिलांनी वाचला. हद्दपारी होती फक्त सहा महिन्यांची! तोवर आजी गेली होती गं."

इथे काका दरवेळी चष्मा पुसायचे.

गेल्या वर्षी मी कॅम्पसवरच्या मोर्चात फलक धरला आणि महिन्याभरात ईमेल आली: तुमचं स्टुडंट व्हिसाचं स्टेटस रद्द. चार वर्षांची पीएचडी पाण्यात! मी रडत सुटकेस भरायला घेतली.

काका धाडधाड जिना उतरून आले. "कपडे बाहेर काढ. प्रिंट दे."

"काका, जावंच लागणार!"

"कुठे लिहिलंय? कारण दाखव. निघायची तारीख दाखव. दोन्ही नाही!"

लाल पेन नुसतं नाचत होतं. काकूंचे पोहे गार झाले, तोवर काकांनी चार वकिलांना फोन लावले होते. चौथी म्हणाली, "देश सोडू नका. कोर्टात जाऊ."

आणि गेलो की! न्यायाधीशबाईंनी त्या निर्णयाला स्थगिती दिली, तसे काका बाकावरून उठून "शाब्बास!" असे गरजले. पोलिसाने त्यांना बाहेर काढलं, तर ते त्यालाच टाळी द्यायला निघाले. मी हसत होते आणि रडतही होते.

माझी पीएचडी पूर्ण झाली. काका मात्र या थंडीत गेले. काकूंनी ती फ्रेम मला दिली. काच पुसायला मागचा पुठ्ठा काढला, तर आत माझ्या स्थगितीची प्रत निघाली, नीट घडी केलेली. तिच्यावर लाल पेनने लिहिलं होतं, "आजी, या वेळी कागद वेळेवर वाचला."