मापसाहेबांचे राहिलेले अकरा किलोमीटर

वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे मापसाहेब म्हणत. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळे. मग त्यांच्या तोंडावर अशी शिसारी उमटे, की दुकानदाराला दंडापेक्षा तीच झोंबे. मापात पाप त्यांना कधी खपलं नाही.

अशा माणसाने आठशे किलोमीटरची पायवाट बायकोबरोबर, सुट्टीसुट्टीने, बारा वर्षांत पुरी केली होती. पुरी म्हणजे अकरा किलोमीटर कमी. शहराबाहेरचा तो टप्पा सांडपाण्याच्या नाल्याकाठाने, कातड्यांच्या गोदामामागून, कचरा डेपोला वळसा घालून जातो. सहा वर्षांपूर्वी तो त्यांनी अर्ध्यावर सोडून टेम्पो गाठला होता. मित्रमंडळींत हा किस्सा हमखास रंगे. "आमच्या हिच्या नाकापायी राहिलं हो," मापसाहेब म्हणत. बायको हसून रिकामे कप उचलून आत जाई.

यंदा पदभ्रमण मंडळाने वाट पुरी करणाऱ्यांना पदक द्यायचं ठरवलं आणि घरोघर फॉर्म पाठवले. 'सर्व टप्पे स्वतः चालून पूर्ण केले' या ओळीखाली बायकोने सही ठोकली आणि ती भाजी चिरायला बसली.

"अगं, आणि ते अकरा किलोमीटर?"

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांचा संसार, आणि खोटं माप घरातच निघावं! त्या दिवशी मापसाहेबांना जेवण गेलं नाही. तिच्याकडे बघवेना. आपल्या फॉर्मवर सही न करता ते शनिवारी सकाळी एकटेच निघाले. आधी आपलं माप पुरं भरायचं, मग रविवारी मंडळात हिला फॉर्म मागे घ्यायला लावायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

नाला होता तसाच होता. वर राखाडी फेस, फेसात फुगलेली घूस आणि कुणाची तरी उशी. गोदामवाल्यांनी कातडी धुतलेलं पाणी वाटेवरच सोडलं होतं. माशा इतक्या, की तोंड उघडायची सोय नाही. डेपोपाशी ढिगातून पाझरणारा काळा रस बुटात शिरला आणि मोजा चिकट झाला. माणसं इतकी घाण करून राहतात, आणि वर त्यातून वाट आखतात, म्हणून त्यांनी साऱ्या जगाला शिव्या घातल्या.

पुढच्या लहान पुलावर त्यांना भडाभडा ओकारी झाली. कठडा धरून तोंड पुसताना त्यांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी याच कठड्याला धरून ओकले होते ते स्वतः. बायको पाठ चोळत होती. "चला हळूहळू, होईल," असंच म्हणाली होती. टेम्पोला हात त्यांनी केला होता. किस्सा इतक्यांदा सांगून झाला होता, की नाक कुणाचं हे त्यांचं तेच विसरले होते. जन्मभर गावभर नाकाने कांदे सोलले, आणि घरात ही लबाडी. आता नाल्यापेक्षा त्यांना स्वतःचीच जास्त किळस आली.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पत्र्याच्या पेटीत मंडळाची वही असते. चालून आलेल्याने त्यात नाव, तारीख आणि शेरा लिहायचा. इथली वही सहा वर्षांत अर्धीही भरली नव्हती. असे किती आले, म्हणून मापसाहेबांनी पानं मागे उलटली, आणि दुसऱ्याच पानावर त्यांचा हात थांबला. किराण्याच्या यादीत रोज दिसणारं ते बुटकं अक्षर. बायकोचं नाव. तारीख टेम्पोनंतरच्या आठवड्यातली. तेव्हा ते दौऱ्यावर होते आणि ती बहिणीकडे गेली होती, निदान तसं म्हणाली तरी होती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'वास फार. पण चालता येतं.'

त्यांनी शेवटच्या पानावर नाव आणि तारीख लिहिली. शेरा काही सुचला नाही.

घरी बायकोने दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"बोलली का नाहीस?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"किस्सा तुम्हाला फार आवडायचा."

"उद्या मंडळात खरा सांगतो. नाक कुणाचं ते."

"सांगा. आधी अंघोळ करा," ती म्हणाली. "साबण तीनदा लावा. दोनदा लावून हा वास जात नाही."