मी न लावलेली खूण

आधीच सांगून ठेवतो... भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस आहे मी. हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, आणि सापडत नसेल तर तुम्ही नीट पाहिलेलं नाही — एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहून राहिलो, कारण पोटात ठेवून ठेवून आता जड झालंय.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहतो, तलावापासून पायी जाण्यासारखं घर आहे. घरात मी, बायको कल्पना आणि माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. आई जाऊन काही वर्षं झाली. ती गेली आणि नानांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग आज वार कोणता, आणि आता कधीकधी मी कोण तेही.

फोनचं प्रकरण त्यातूनच निघालं. डॉक्टरांनी नानांच्या आजाराचं नाव सांगितलं, ते मी फोनवर शोधून वाचलं... आणि लगेच मोठ्या माणसांचे डायपर, वृद्धाश्रम, कसले कसले विमे, अशा जाहिराती मागे लागल्या. अहो, मी अजून सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं आणि कुठल्यातरी कंपनीला माझ्या बापाचं दुखणं माहीत! डोकं सणकलं. सुट्टीच्या दिवशी बसलो आणि फोन पार धुऊन काढला. मोठ्या कंपनीची सिस्टीम काढून दुसरी टाकली. खातं नाही, क्लाउड नाही, काही नाही. नकाशासुद्धा डाउनलोड करून फोनमध्येच ठेवला. त्याला नेट लागत नाही, तो कोणाला काही सांगत नाही, आणि बाहेरचा कोणी त्यात काही लिहूही शकत नाही. हे शेवटचं तेवढं लक्षात असू द्या बाप्पा.

बँकेचं ॲप रुसून बसलं. फॅमिली ग्रुपमधून मी गायब झालो. कल्पना म्हणे, लोकांचे नवरे दारूनं वाया जातात, माझा फोनपायी गेला. पण मी ऐकतो कुठे? नानांचा फोनही तसाच करून टाकला आणि लोकेशन-बिकेशन सगळं बंद.

मागच्या उन्हाळ्यात, ऐन नवतप्यात, नाना घरातून निघून गेले. मी सकाळच्या शिफ्टला होतो, कल्पना गच्चीवर सांडगे वाळत घालत होती. खाली आली तर दार सताड उघडं आणि नानांच्या चपला नाहीत. तिचा फोन आला आणि मी कारखान्यातून बाईकवर तसाच निघालो. त्यांचा फोन स्विच ऑफ. तलावाच्या काठानं फिरलो, देवळात पाहिलं, बसस्टॉपवर विचारलं, पण कोणाला दिसले नव्हते. शेवटी पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी पहिलंच विचारलं, लोकेशन शेअर केलेलं आहे का? मी म्हटलं, बंद केलंय. बाहेर आल्यावर कल्पना बोलली.

"चुलीत घाला तुमची ते प्रायव्हसी. या उन्हात म्हातारं माणूस पाण्याबिगर किती वेळ टिकते, ते सांगा मले."

नवतपा म्हणजे आमच्याकडचे मे-अखेरचे भाजून काढणारे दिवस. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तिला घरी बसवलं, नाना परत आले तर कोणीतरी हवं म्हणून, आणि मी दिघोरीच्या बाजूला निघालो.

दिघोरीला एका बंद दुकानाच्या सावलीत थांबून नकाशा उघडला, कोणत्या गल्ल्या राहिल्या ते पाहायला. त्यात माझ्या काही खुणा आहेत — चांगला पंक्चरवाला, थंड पाण्याची टाकी, असल्या. सगळ्या निळ्या. घामेजलेलं बोट लागलं, नकाशा सरकला आणि खाली, चाळीसेक किलोमीटरवरच्या उमरेडला एक लाल खूण दिसली. लाल मी कधी लावलीच नव्हती. दाबून पाहिलं.

"हे इथं बसून हायेत. पाणी घेऊन येजो."

ते वाक्य मी त्या उन्हात पुन्हा पुन्हा वाचलं.

काहून, ते सांगतो. आम्ही मुळात विणकर. मी कडेवर होतो तोपर्यंत उमरेडला घरी हातमाग होते. मग माग बंद पडले, नानांनी नागपुरात नोकरी धरली. आई जुन्या चालीची, नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडातून काढलं नाही. "हे जेवले नाहीत अजून", "हे झोपलेत, हळू बोल". नानांना "हे" म्हणणारं एकच माणूस होतं आमच्या घरात.

आणि दुसरी गोष्ट. मोठ्या कंपनीचा कीबोर्ड मी काढून टाकला होता, नव्यात मराठी बसवलंच नव्हतं. मी मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहितो. खूण मात्र स्वच्छ मराठीत होती.

जास्त विचार केला नाही. पाण्याच्या बाटल्या घेतल्या, कल्पनाला फोन करून "उमरेडला पाहून येतो" एवढंच म्हटलं आणि बाईक पिटाळली.

खूण होती तिथं विणकरांच्या जुन्या गल्लीमागची मोकळी जागा निघाली. मोठा कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याला टेकून नाना बसले होते, डोक्याला दुपट्टा, ओठ सुकून पांढरे पडलेले. हातात कुठूनतरी सापडलेली सुतळी गच्च धरलेली आणि तिचं दुसरं टोक दूर जमिनीवर सरळ पसरलेलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी मग मला सांगितलं की पहाटे खळ लावायला ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सूत लोक इथंच लांब पसरायचे. एका टोकाला नाना, दुसऱ्या टोकाला नवी नवरी असलेली माझी आई. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मी खाली बसलो, बाटली उघडून नानांच्या तोंडाला लावली. त्यांनी हातानं बाजूला सारली.

"आधी तिले दे," नाना म्हणाले. "सकायपासून माह्यासंगं बसून आहे थे."

बाजूला कोणी नव्हतं. आईचा फोटो दाखवला तरी न ओळखणारा माणूस हा. मी वाद घातला नाही. उठलो, सुतळीच्या त्या टोकाशी गेलो आणि मातीत थोडं पाणी ओतलं. नाना बघत होते. मग परत आलो तेव्हा घटाघट प्यायले. मी तिथंच बसून ढसाढसा रडलो, लाज वाटली नाही.

नंतर मी माझ्या धंद्याप्रमाणे कारण शोधलं. फोन सकाळपासून माझ्याच खिशात होता. नानांना तो उघडतासुद्धा येत नाही. ते उमरेडपर्यंत कसे पोचले, बसनं की कोणाच्या गाडीवर, तेही कळलं नाही. सॉफ्टवेअर कळणाऱ्या एका मित्राला दाखवला. तो म्हणाला, चुकून दाबलं गेलं असेल. म्हटलं, आणि मराठीत वाक्य? त्यानं फोन परत माझ्या हातात दिला. खूण अजून तशीच आहे. कारण सापडलेलं नाही, कोणाला सुचत असेल तर खरंच सांगा, मी ऐकून घेईन.

नानांच्या गळ्यात आता आमच्या नंबराचं लॉकेट आहे. सगळं ऐकल्यापासून माझ्या फोनबद्दल कल्पना चकार शब्द काढत नाही. फक्त नानांना पाणी देताना ती दोन ग्लास आणते. एक त्यांच्या हाताशी ठेवते, एक शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. नाना त्या दुसऱ्या ग्लासाकडे पाहतात, जरा वेळ थांबतात आणि मग आपला उचलतात.